तू वाचतच होतास

गुरुवार, नऊ तारीख

चिरंजीव नातवास, आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं आहे. सुरुवातीला तिनं 'लाडक्या बाळा' लिहिलं होतं. मी वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. खोडलेलं दिसत असेल, तर तेवढेच लाड समज.

इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत बरी असेल, धर्मविद्यालयाच्या वसतिगृहात जेवण वेळेवर मिळत असेल, अशी आशा करते. तुझ्या बापाचा खोकला थांबला, ती काळजी करू नकोस. खोली झाडून काढली. त्यानं स्वतः जोडलेली ती लोखंडी खाट, एक पाय आखूड असलेली, भिंतीला उभी करून ठेवली आहे. जन्मभर लोकांची फाटकं ओळंब्यात बसवली आणि स्वतः डुगडुगत्या खाटेवर झोपला. वेल्डरच्या घरी असंच चालायचं.

तू जाताना बजावलं होतंस, प्रबंध संपेपर्यंत फोन बंद, फारच अडलं तर पत्र टाका. फार अडलं तेव्हा टाकलं. बापाला डॉक्टरांनी घरी पाठवलंय, तो तुझी वाट बघतोय, एवढंच होतं त्यात. आम्ही दोन ओळी धाडल्या, तू चार पानं पाठवलीस. देण्याच्या बाबतीत तुझा हात पहिल्यापासून सढळ.

चार पानांत शुभवर्तमानातली ती गोष्ट होती. एक जण म्हणतो, आधी बापाला पुरून येतो. त्याला प्रभूचं उत्तर मिळतं, मेलेल्यांचं मेलेले बघून घेतील, तू चल माझ्यामागं. खाली तू लिहिलंस, 'टॅबवर हे वचन काढा आणि सगळी भाष्यं बाबांना ऐकवा, म्हणजे मी आत्ता का येऊ शकत नाही ते त्यांना समजेल.'

ऐकवली. तुझा शब्द कधी खाली पडू दिलाय का या घरानं?

टॅब तूच आणलास गेल्या सुट्टीत. मला अक्षर येत नाही म्हणून माझं बोट धरून शिकवलंस. वचनावर बोट ठेवलं की भाष्यकार रांगेनं हजर. हिरव्या चौकोनावर ठेवलं की तो वाचून दाखवतो. आवाजही तूच निवडलास. बाईचा नको म्हणालास, तरुण पुरुषाचा ठेवलास, भारदस्त वाटतो म्हणून. तर तुझी चार पानं आल्यावर तुझ्या आईनं वचन काढलं आणि हिरव्यावर बोट मी ठेवलं.

पहिला विद्वान म्हणाला, त्या पोराचा बाप मेलेलाच नव्हता, म्हातारा जाईपर्यंत घरी थांबायची ती सबब होती. दुसरा म्हणाला, छे, मेला होता, पुरलाही होता, तिकडच्या रिवाजाप्रमाणे वर्षानं हाडं गोळा करायची तेवढी राहिली होती. तिसरा म्हणाला, हे शब्दशः घ्यायचंच नाही. एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. वाटणीला बसलेले भाऊ बरे. तू प्रबंधात यातला कुठला धरलास? पहिला धरला असशील तर झकास. तुझा बापही तेव्हा मेलेला नव्हता.

तेव्हा नव्हता, असं म्हटलं मी. तुझ्या आईचं पेन थांबलं. लिही गं, थांबू नकोस. त्याला आज ना उद्या वाचायचंच आहे.

तर, पहिलं भाष्य चालू असतानाच तुझ्या बापानं मान वळवली. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे आधीच गेलेले, त्यात अंगात ताप.

"आला का?" म्हणाला. "कधी आला?"

तुझ्या आईनं तोंड उघडलं. मी तिचं मनगट दाबलं.

"आला," म्हटलं. "वाचतोय. गप ऐक."

"अडखळत नाही गं आता."

लहानपणी तू एकेका शब्दाला ठेचकाळायचास. शाळेतून रडत यायचास, आणि हा डोळ्यांवरची काळी काच कपाळावर सरकवून तुझ्यासमोर उकिडवा बसायचा, शब्द सुटेपर्यंत. गिऱ्हाईकं दारात ताटकळायची. तेच त्याच्या डोक्यात राहिलं होतं. "कसा सरळ वाचतोय बघ," म्हणाला. मी म्हटलं, "शिकलाय तो. आता त्याचं कशावाचून अडत नाही."

मग त्यानं हात मागितला. तुझा. मी माझा दिला. चाचपून म्हणाला, "पुस्तकं उचलून हात राठ झाले की रे तुझे." मला हसू आवरेना आणि तुझ्या आईला रडू. तुम्हा मायलेकरांना थट्टा कळतच नाही.

अर्थ त्याला लागला नाही, ही देवाची कृपा. बापाला मातीत पोचवायला जायचं की नाही यावर तिकडे विद्वानांची हमरीतुमरी चालली होती, आणि हा आपला मान डोलावत होता, जशी काही तू अंगाईच म्हणत होतास. कुठल्या भाष्याला गेला ते सांगता येत नाही. तुझ्या प्रबंधात एक तळटीप वाढली असती, पण माझं लक्ष नव्हतं.

तो गेला आणि तू वाचतच होतास. हात गार पडला, तुझ्या आईनं टाहो फोडला, शेजारीपाजारी धावत आले, आणि तू वाचतच होतास. बंद कसं करायचं ते तू मला शिकवलं नव्हतंस.

तुझी आई म्हणाली, विद्यालयाच्या ऑफिसात फोन करू, ते निरोप देतील. मी म्हटलं, कशाला? त्याचं उत्तर आलेलं आहे, चार पानांचं. मेलेल्याचं मेलेल्यांनी बघून घेतलं. तुझ्या बापाच्या वर्कशॉपमधले दोघं आणि आम्ही दोघी. पेटी बंद करायच्या आधी तुझा टॅब मी त्याच्या उशाशी ठेवला. ते दोघं म्हणाले, "आजी, हे काय?" म्हटलं, "त्याचा मुलगा आहे. राहू द्या जवळ."

आईनं मुलाला पुरावं की नाही, यावर कुणाचं भाष्य सापडलं तर कळव. आम्हाला सापडलं नाही.

आता हे वाचून बॅग भरायला घेशील, तर थांब. तू येऊन गेलास. बापाच्या उशाशी बसलास, त्याचा हात धरलास, न अडखळता वाचलंस. याहून चांगला मुलगा होणं तुला जमलं नसतं. आता दारात उभा राहिलास, तर त्याचा तो मुलगा खोटा पडेल, आणि मी मरणाऱ्याला फसवलं असं होईल. या वयात माझ्या माथी पाप मारू नकोस. प्रबंध लिही, मोठा हो. तुझा फोटो आला तर लावायला भिंत आहे. खाट थोडी सरकवू.

पत्र वाचून घेतलं. मध्येच कुठं तिनं मऊ केलं असेल, तर मला काय कळणार? शेवटी मी तिला म्हटलं, "माझ्या अंगठ्याखाली जागा आहे. तू आई आहेस त्याची. 'ये' म्हणायचं असेल तर लिही, मला कुठं वाचता येतंय." आणि भिंतीकडं तोंड करून बसले. बराच वेळ बसले.

"मला काही लिहायचं नाही, आई," म्हणाली.

म्हटलं, मग हेच लिही. लिहिलं.

खाली अंगठा.

तुझ्या बापाची आई