सहावी गादी

प्रिय ताई,

"आजपासून मला तुमच्यात धरू नका." सक-जुनच्या, आपल्या एकुलत्या भावाच्या, लग्नाच्या दिवशी, हॉलखालच्या पार्किंगमध्ये, हानबोकच्या घागऱ्याचा घेर एका हातात गोळा करून तू हे म्हणालीस, त्याला येत्या ऑक्टोबरात पाच वर्षं होतील. आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला 'आज कोथिंबीर नको' म्हणावं, तसं म्हणालीस. म्हणूनच की काय, आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्यानं पाळलं.

ते वाक्य परवा आठवलं, त्याला कारण अगदी साधं. सक-जुनला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळाली आहे. म्हणजे साऱ्या देशाला मिळते तेव्हाच. सगळ्यांनी आईला घेऊन समुद्रावर जायचं असं ठरलं आणि राहायची जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. का, ते विचारू नकोस. आईजवळ राहते ती मी, लग्न न केलेली मी, त्यामुळे वेळही माझ्याकडेच असणार, असा घरातला हिशेब आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन करत होते. अर्ध्या ठिकाणी माझं वाक्य संपायच्या आत 'भरलंय' म्हणत.

बोरानं, म्हणजे सक-जुनच्या बायकोनं, एक दुमजली बंगली शोधून काढली होती. "वन्सं, बघा तरी! अंगणातच पोहायचा तलाव, समोर समुद्र. हा-यूल दिवसभर पाण्यातून निघायची नाही." मुलगी चार वर्षांची आहे, तिचंही बरोबरच. पण झोपायच्या खोल्या वर, आणि जिना पाहूनच माझे गुडघे दुखले, आईचं सोड. आईनं फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "समोर एवढा समुद्र असताना टाकीत डुंबायला पैसे द्यायचे?" बोरा हसली, पण त्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला नाही.

सक-जुनच्या कंपनीच्या मालकीच्या खोल्या असतात, त्या सोडतीत मिळतात. त्याचा नंबर लागला. अकरावा मजला, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडा. मला वाटलं, सुटले एकदाची. तर तिथे पलंग. आई म्हणाली, "पलंगावर पाठ गार पडते. मी काय हॉस्पिटलात भरती व्हायला चाललेय?" सक-जुन वैतागला. "आई, तुझे गुडघे बघ की. जमिनीवरून तुला उठवणार कोण?" आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते उत्तर तिच्या दृष्टीनं ठरलेलं होतं.

शेवटी उरली ती यांगयांगच्या किनाऱ्याजवळची हाम काकूंची खोली. आठवते ना? आबा होते तेव्हा आपण पाचजण तिथे एका रांगेत झोपायचो. आपलं आयुष्य बदललं, त्यांची खोली बदललेली नाही. नवीन म्हणजे संडास आता आत आला आहे. दमटपणा जावा म्हणून भर ऑगस्टातही काकू संध्याकाळी तासभर बॉयलर लावून जमिनीखालून गरम पाणी फिरवतात आणि जमीन कोमट करून देतात. हे ऐकल्यावर आईचा चेहरा असा काही उजळला की मी बाकीच्या दोन्ही जागांना नकार कळवून टाकला. बोराला तलाव नाही, सक-जुनला लिफ्ट नाही. दोघं माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलत आहेत, म्हणजे किती चिडलेत ते समज.

काकूंनी फोनवर विचारलं, "माणसं किती? गाद्या धुवून ठेवायच्यात." मी बोटांवर मोजलं. मग म्हटलं, पाच.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "अगं, एक काय ते ठरवा. तू म्हणतेस पाच, तुझी आई सकाळी सकाळी फोन करून सांगते सहा. मी आपल्या सहा गाद्या वाळत घातल्यात. आणि तिनं मागितलेली ती धान्याच्या टरफलांची उशी आता कुणी वापरत नाही गं, माळ्यावरून शोधून काढावी लागली."

ताई, आपल्या घरात टरफलांच्या कडक उशीवर तुझ्याशिवाय कोणी कधी झोपलं आहे का?

मी आईला विचारलं. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "गुडघ्याखाली घ्यायला लागते मला. एक गादी जास्त घेतली तर काय आभाळ कोसळलं?" आणि शेंगा सोलतच राहिली. तुझं नाव तिनं घेतलं नाही. ती घेणार नाही. पाच वर्षांपूर्वी नातेवाइकांना हॉलच्या दारातच 'मोठे जावई कामासाठी व्हिएतनामला गेलेत' असं सांगताना तिला लाज वाटली होती की नाही, तेही ती कधी सांगणार नाही. तुझ्या घटस्फोटाला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. फोटोच्या वेळी तिनं तुला दंडाला धरून मागच्या रांगेत सरकवलं, ते मी पाहिलं. तू समजतेस की हे सगळं आईनं केलं. पण मामींनी खात्री करायला मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मीही 'हो, व्हिएतनामला' म्हणाले. पुढे न विचारता 'डिसेंबरात येतील' असंही जोडलं. हे तुला सांगायचं राहिलं होतं. की तुला तेव्हाच कळलं होतं? माझ्या मेसेजपुढचा, तू तो वाचला नाहीस हे दाखवणारा '१' मार्चपासून तसाच आहे, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

त्या मेसेजमध्ये एवढंच होतं की आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून रात्री ती चार-पाचदा उठते आणि मला हाक मारायला तिला संकोच वाटतो. म्हणून मी माझ्या गाऊनचा पट्टा एका टोकानं तिच्या मनगटाला बांधते, दुसऱ्या टोकानं माझ्या. ती हलली की मला कळतं. ती न हलताही मला कळतं, हाच त्रास आहे. परवा ऑफिसात कोणीतरी माझी बाही सहज ओढली, तर मी 'आले, आले' म्हणत खुर्चीतून उठले. सगळे हसले, मीही हसले. मग जिन्यात जाऊन बसले.

आईला माफ कर म्हणायला हे पत्र नाही. मला माफ कर, असंही नाही. तुला तिच्याशी बोलावं लागणार नाही, आणि बोरा-सक-जुन काही विचारणार नाहीत, ते मी बघते. आम्ही दोन ऑगस्टला तिथे पोचतो, चारला निघतो. तुझं सलून सोमवारी बंद असतं आणि तीन तारखेला सोमवार आहे. तू नाही म्हणशील. बुसानमध्ये दाराशीच समुद्र असताना इतक्या लांब कशाला येऊ, असं काहीतरी म्हणशील, किंवा काहीच म्हणणार नाहीस. तरीही विचारते. त्या एका रात्री तो पट्टा तू बांधून घेशील का? मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून झोपेन. मला फक्त एकदा सकाळपर्यंत झोपायचं आहे, ताई.

तुझीच,
मी-रान