दुपारची हजेरी आणि माझी पुढची खोली

या आठवड्यात घरी आले ते असे : मुद्रांकाचे दोन कागद, किंमत चार दिवसांच्या दुधाइतकी. वकीलबाईंनी तपासून दिलेला मसुदा. फी त्यांनी अर्धीच घेतली, देव त्यांचे भले करो. आणि चिरंजीवांच्या सरकारी शाळेकडून ‘प्रतिभावंतांच्या शोधात’ नावाचा गुळगुळीत अहवाल, पाने चाळीस. पाकिटावर तिकीट कमी लावलेले, म्हणून दंड मी भरला. मुलांची बुद्धी तोलणाऱ्या मंडळींना पाकीट तोलता आले नाही.

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, मॅट्रिक उत्तीर्ण, काम घरकाम, देवाच्या दयेने शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. तेवढी कोणाची छाती नाही. मला राग आला आहे हे खरे. पण रागात काहींचे डोके जाते, माझे चालू लागते.

१. हे घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला, माझ्या नावावर आहे. यजमान छापखान्यात पुस्तकबांधणी करत. “घरात बेरीज तुलाच येते, घर तुझ्याच नावावर बरं,” म्हणाले आणि सही करून जेवायला बसले. माझ्यामागे हे घर माझ्या मुलीला जावे. ती परगावी रुग्णालयात परिचारिका आहे.

मात्र पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल, दोन खुर्च्या आणि दिवा यांचा वापर आमचा जिना झाडणाऱ्या बाईंच्या थोरल्या मुलीकडे राहील, ती एकवीस वर्षांची होईपर्यंत. तिच्याकडून भाडे घेऊ नये. “किती वेळ बसणार आहेस?” असे विचारू नये.

ही मुलगी कोण, ते लिहिणे भाग आहे. वय बारा, इयत्ता सातवी, चिरंजीवांच्याच शाळेत. आई जिना झाडते तेव्हा ही पायरीवर बसून असते. मागच्या वर्षी मला म्हणाली, “आजी, या टप्प्याला दहा पायऱ्या आहेत. कधी एक, कधी दोन अशा चढायच्या, तर चढायच्या तऱ्हा किती?”

मी म्हटले, “असतील दहा-वीस.”

“एकोणनव्वद.”

मी खोटे ठरवायला बसले. पाच पायऱ्यांच्या तऱ्हा कागदावर मांडल्या, आठ आल्या. सहाच्या तेरा आल्या. पुढे माझा कागद संपला. तिला विचारले, “तू मोजल्यास कशा?”

“मोजल्या नाहीत. शेवटची उडी एकाची नाहीतर दोनाची. म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज करत जायचं.”

एवढे बोलून ती आईची बादली उचलायला गेली. मी मात्र जिन्यात उभीच राहिले.

२. माझा मुलगा त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि तिथल्या प्रतिभाशोध समितीचा अध्यक्षही. मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “आई, पायऱ्यांचा धडा सातवीला नाही.”

त्याची समिती प्रतिभा कशी शोधते ते अहवालात आहे. वर्गशिक्षकांनी नावे सुचवायची. वर्गशिक्षक सुचवतात ती मुले वही पूर्ण करणारी, बाकावर न हलणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. असे अकरा नग अहवालात फोटोसह छापले आहेत. मुले बिचारी गुणी असतील, त्यांच्यावर माझा राग नाही. पण स्थिर बसणे हीच बुद्धी असेल तर माझे कपाटही पात्र आहे.

आणि जे पोर दहा मिनिटांत गणित संपवते त्याचे काय करायचे? त्याला कामाला लावायचे. खडू आण, वह्या वाट, मागच्या पोरांना शिकव. या मुलीला मधल्या सुट्टीनंतर कार्यालयात बसवले जाई, सगळ्या वर्गांच्या हजेरीच्या आणि जेवणाच्या तक्त्यांच्या बेरजा करायला. सारखी कामाला धावते म्हणून शाळेत तिला ‘धावती’ म्हणतात. ती तिकडे बेरजा करत असे, इकडे वर्गात दुपारची हजेरी होई, आणि वर्गशिक्षिका तिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहीत. हजेरी दिवसातून दोनदा, अशा चारशे हजेऱ्यांत असे एकसष्ट वेळा झाले. बाकी वर्षभरात ती एक वेळही चुकलेली नाही.

प्रतिभा परीक्षेला बसायला शंभरात नव्वद हजेरी लागते. पात्र मुलांचा तक्ता कोणी केला? तिनेच. साहेबांना वेळ नव्हता. तिने आपली टक्केवारी काढली, चौऱ्याऐंशी पूर्णांक पंच्याहत्तर, आणि पट्टी धरून स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली.

मी विचारले, “अगं, स्वतःचं नाव स्वतःच खोडलंस?”

“नव्वदच्या खाली होतं ना, आजी. बरोबर आहे की नाही?”

गणित बरोबर होते, बाळ. हजेरी खोटी होती.

मी मुलाला घरी बोलावून घेतले. म्हटले, “ती दुपारी तुझ्याच टेबलाशी होती. तेवढं लिहून दे.”

“ते लेखी कसं देऊ? उद्या वरून विचारतील, मुलीकडून कारकुनी करून घेता का.”

“घेतोस ना?”

“तिला आवडतं गं ते.”

“आवडतं म्हणून तिला गैरहजर करायचं?”

“आई, नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी ही परीक्षा नाही, ती सातवीलाच असते. अध्यक्षांना हे मला सांगावे लागले.

३. मुलाला माझ्याकडून पुढील वस्तू मिळाव्यात : सदर अहवाल, त्याच्या शिष्यवृत्तीचे चौकटीतले प्रमाणपत्र, आणि अंकगणितात पहिली आल्याबद्दल मला शाळेत मिळालेला हातआरसा. आरशाचा उपयोग त्याने ठरवावा. मला तो मिळाला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “हुशार आहेस, रिकामी बसून काय करशील?” आणि वर्षभर त्यांच्या खालच्या वर्गाला मी शिकवले, त्या शाल विणत बसल्या. त्या वर्षीचे बीजगणित मला कोणी शिकवले नाही. मॅट्रिकला ते मी पाठ करून काढले, समजून नाही. आजही टोचते.

४. इथे माझाही दोष लिहिते, कारण देवापुढे जाऊन मग काही खोडता येणार नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी मी दोन वर्षे रोज त्याच्याशेजारी बसले. मुलगी स्वयंपाकघरातून, हातातले काम न सोडता, त्याच्याआधी उत्तर सांगायची. मी काय म्हणायचे? “तू तुझं बघ, कुकरकडे लक्ष दे.” ती परिचारिका झाली, चांगली झाली, कधी बोलली नाही. मुली, चूक माझी होती. घर तुला देते ते त्याची भरपाई म्हणून नव्हे. त्याची भरपाई होत नाही.

५. बँकेतील ठेव निम्मी मुलीला. निम्मी ‘धावती’च्या शिक्षणासाठी. त्यातून गणिताची शिक्षिका लावावी. शाबासकी देणारी नको, शिकवणारी हवी. आणि अडल्यावर “मलाही येत नाही, चल बघू” म्हणता येणारी हवी. यजमानांची बांधणीची सुई, दाबयंत्र आणि सुऱ्याही तिलाच. तिच्या गणिताच्या सुट्या कागदांच्या वह्या बांधाव्यात, रद्दी होऊ देऊ नये.

६. प्रतिभाशोध समितीने सत्कार-मंडपासाठी माझ्याकडे देणगी मागितली आहे. देत नाही. मंडपाखाली आजवर कोणाला गणित आले, असे ऐकिवात नाही.

७. मी गेल्यावर मुख्याध्यापकांची आई म्हणून शाळेत शोकसभा घेऊ नये, मुलांना उन्हात उभे करू नये. त्यांचा एकही तास माझ्यावर खर्च होऊ नये. ज्याला वाटेल त्याने घरी बसून देवाचे नाव घ्यावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून आणि दोन शब्द मुद्दाम अधिक कडक करून सही केले आहे.

सही
(लिहून देणारी)

साक्षीदार :
१. तळमजल्यावरील शिंपी. सही. (“आजी, एवढं तिखट लिहायचं असतं का?” म्हणाले, पण सही केली.)
२. शेजारीण, निवृत्त टपाल कर्मचारी. सही.
‘धावती’ची आई साक्षीला पुढे आली होती. ज्यांच्या घरात काही जाते त्यांनी साक्ष देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ती दारात उभी राहिली.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ३ फेब्रुवारी

चि. मुलास,

वरची नक्कल तुला पाठवत आहे. तू काहीही केलेस तरी यातले एक कलम बदलणार नाही, तेव्हा हा सौदा समजू नकोस. सोबत एका ओळीचा दाखला आहे : ‘सदर विद्यार्थिनी एकसष्ट दुपारी माझ्या सांगण्यावरून माझ्या कार्यालयात काम करत होती.’ परीक्षेचे अर्ज चौदा तारखेला बंद होतात. सही करून पाठव. करायची नसेल तर नकार कारणासकट तुझ्या अक्षरात लिही. खरे कारण लिहिलेस तर तोच दाखला म्हणून मी परीक्षा मंडळाकडे पाठवीन. होय की नाही, ते उलट टपाली कळव.

तुझी आई