देवामागची पुरचुंडी

१५ मार्च, शनिवार

पोचलो एकदाचा. नोव्हायच्या घरून पहाटे निघालो, मिशिगनच्या उत्तर भागात नेणारा मॅकिनॉ ब्रिज ओलांडला आणि पुढे नुसता बर्फ आणि झाडं. आर्नीचं घर तळ्याकाठी आहे आणि गॅरेजवरची खोली माझी. लाकडाची शेगडी, एक आरामखुर्ची, खिडकीतून अख्खं तळं. ऐटच म्हणायची. आर्नी पंचाहत्तरीचा, आजोबा फिनलंडहून आलेले, बोलायला लागला की थांबत नाही. आल्या आल्या कॉफी दिली, माझं यतीन हे नाव दर वेळी नव्या प्रकारे चुकवलं आणि स्वतःच हसला. मला माणूस आवडला.

ही वही इशिताने निघताना दिली. आठ वर्षांची पोर, पण हुकूम सोडते. बाबा, राइट एव्हरीथिंग, परत आलास की मी वाचणार, म्हणाली. तर लिहितो. ऑटो कंपनीतली नोकरी जानेवारीत गेली. ग्रीन कार्ड होतं म्हणून निदान गाशा गुंडाळावा लागला नाही. आर्नी बीव्हर पकडण्याचे सापळे लावतो, आणि त्याला ऑनलाइन विक्री जमवून देणारा कुणीतरी हवा होता. रेणूला सांगितलंय की इकडे एका प्लँटवर क्वालिटी मॅनेजर म्हणून लागलोय. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. बायकोला काय सांगणार, मेलेल्या जनावरांचे फोटो काढायला चाललोय म्हणून? थोडेच दिवस. दुसरं काही मिळालं की सगळं सांगून टाकीन, आणि तेव्हा इशिता खुशाल वाचू दे.

१८ मार्च, मंगळवार

धंदा समजून घेतला. बीव्हर म्हणजे चांगल्या कुत्र्याएवढा पाणउंदीर. झाडं कुरतडून पाडतो, बांध घालतो. त्याच्या कातड्याला आता कुणी विचारत नाही. खरा माल शेपटीच्या मुळाशी, कातडीखाली. दोन पिशव्या, मधोमध पट्टीने जोडलेल्या. कॅस्टर म्हणतात त्यांना. अत्तरवाले घेतात आणि सापळ्याला आमिष करणारेही घेतात. शेजारीच तेलाच्या पिशव्या असतात, त्यांना सुरी लागली की माल गेला. जोडी तोडायची नाही, धुवायची नाही, शेगडीजवळ न्यायची नाही. सावलीत दोरीवर टांगून आठवडेच्या आठवडे वाळवायची. सुकली की थेट अंजीर. शेडमध्ये त्या ओळीने लटकलेल्या बघून आईची गच्चीवरची वाळवणं आठवली, आणि असं आठवल्याचीच मला लाज वाटली.

वास वाईट नाही. नवं चामडं, धूप, किंचित व्हॅनिला. पण हाताला लागला की जात नाही.

आर्नीने त्या वासाचं कारण सांगितलं. बर्फ वितळला की बीव्हर काठावर चिखलाचा ढीग करतो आणि त्यावर हा वास सोडतो. ही जागा आमची, असा त्याचा अर्थ. परका वास आला की सगळं कुटुंब मिळून त्याला हाकलतं, प्रसंगी फाडतं. मग आवाज खाली आणून त्याने एक नियम सांगितला. माणसाने स्वतःच्या हाताने काढलेली पहिली जोडी विकायची नाही, त्याच दिवशी त्याच तळ्यात परत सोडायची. नाहीतर ती जिथे ठेवशील ती जागा बीव्हर आपली समजतात. मी मान डोलावली. प्रत्येक धंद्यात असं काहीतरी असतंच.

२४ मार्च, सोमवार

आर्नीचा गुडघा धरलाय म्हणून आज सुरी माझ्या हातात आली. नको म्हणायला हवं होतं, पण घेतली. जनावर अजून मऊ होतं. पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे, इशिताच्या हाताएवढे. जोडी मात्र सबंध निघाली आणि आर्नीने पाठ थोपटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. त्या बरं वाटण्याची मग रात्र होईपर्यंत लाज वाटत राहिली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. इशिताला प्लँटमधली मशीन बघायची होती. आत फोन न्यायला बाबांना अलाऊड नाही, म्हणालो. रेणू कौतुकाने हसली.

आणि ती जोडी तळ्यात सोडवेना. आमच्याकडे पहिली कमाई देवापुढे ठेवतात. माझा पहिला पगार, रेणूचा पहिला चेक, इशिताला चित्राचं बक्षीस मिळालं तेसुद्धा. नोकरी गेल्यापासून स्वतःच्या हाताने मिळवलेलं हे पहिलंच. आर्नीला सांगितलं, सोडली पाण्यात. जोडी रुमालात बांधून बॅगेत ठेवली.

३० मार्च, रविवार, पाडवा. नोव्हाय

दोन दिवसांसाठी घरी आलोय. रेणूने डेकवर गुढी उभारली, मागे सोसायटीचं छोटं तळं, श्रीखंड दुकानातलं. पॅन्ट्रीतल्या देवघरात दिवा लावायला म्हणून गेलो आणि पुरचुंडी देवांच्या फोटोमागे सरकवली. मांस आहे ते. माहीत असून ठेवलं. हात जोडले तेव्हा देवांकडे बघवेना.

दुपारी इथले ओळखीचे उल्हासकाका आणि सुलभाकाकू आले. रेणूने त्यांना सांगून ठेवलं होतं की यतीन आता प्लँट बघतो. काका सारखं अभिनंदन करत होते. मी श्रीखंडाच्या वाटीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. रेणूने विचारलं हा वास कसला, तर म्हणालो, प्लँटमधलं वॉर्निश. इशिता गळ्यात पडून म्हणाली, यू स्मेल लाइक न्यू शूज.

३ एप्रिल, गुरुवार

परत आलो तर माझ्या जिन्याच्या पायथ्याशी चिखलाचा ढीग. ओला, वर तो वास. आर्नीची थट्टा वाटली. त्याला दाखवला तर तो हसला नाही. पहिली जोडी नक्की सोडलीस ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. परत.

५ एप्रिल, शनिवार

ढीग आता वरच्या पायरीवर, दाराला टेकून. त्यात छोट्या हातांचे ठसे.

शेडमध्ये गेलो. दोरीवरच्या सगळ्या जोड्या, कडक वाळलेल्या, आर्नीने पॅक करायला काढलेल्या, सगळ्या ओल्या. फुगलेल्या. पाणी ठिबकत होतं. एक बोटाने दाबून पाहिली. गरम होती.

८ एप्रिल, मंगळवार

आज इथे ढीग नाही. बरं वाटलं. मग रेणूचा फोटो आला. आमच्या डेकवर, गुढी होती तिथे, ढीग. शेजारची मुलं मस्ती करतात, असोसिएशनला ईमेल केली, म्हणाली. घरभर तुझा तो वॉर्निशचा वास येतो, पण छान वाटतो रे, म्हणाली.

छान वाटतो.

१० एप्रिल, गुरुवार

रेणू सांगत होती, आणि हसत होती. इशिता सकाळी अंगणातून आली, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. शाळेत जात नाही म्हणते. पॅन्ट्रीत देवघरासमोर चिखल आणून थापते. रेणू रागावली नाही. उलट आपण पण थोडा आणून दिला, म्हणाली. फोनवर मागे ओलं ओलं थापल्याचा आवाज येत होता.

आर्नीला खरं सांगितलं. शेवटी. तो ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, आत्ता फोन कर. बायकोला सांग, ती वस्तू घराबाहेर काढ आणि मागच्या पाण्यात टाक. कुठलंही पाणी चालेल, पण आजच. एक वाक्य बोलायचं आहे, म्हणाला.

फोन लावला. रेणूने उचलला. म्हणालो, मी येतोय. एवढंच म्हणालो. देवामागे काय आहे ते तोंडातून— नाही आलं. तिला काय काय सांगावं लागेल. प्लँट नाही, मॅनेजर नाही, सुरी, रक्त, तिच्या देवांच्या मागे. मी जाऊन गुपचूप काढीन. कुणाला कळणार नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. ब्रिजअलीकडे

ब्रिज बंद. वरच्या केबलवरून बर्फाच्या लाद्या पडतायत, सगळ्या गाड्या अडवल्यात. सकाळपासून.

मेसेज लिहिला. रेणू, देवामागे एक पुरचुंडी आहे ती— पुसला. परत लिहिला. परत पुसला. काय माणूस आहे मी. पोरीपेक्षा मला माझी अब्रू—

इशिताला फोन द्यायला सांगितलं. ती बोलली नाही. नुसती हुंगत होती.

पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये अंग घासून घासून धुतलं. जॅकेट, शर्ट, बूट, सगळं कचऱ्यात. दुकानातून नवे कपडे. रेणूने काही विचारायला नको. आता अंगाला कसलाच वास नाही.

ब्रिज उघडला.

१२ एप्रिल, शनिवार. घरासमोर

उजाडलंय. गाडीतच बसलोय. दाराला चिखल, माझ्या छातीएवढा. काटक्या. त्यात गुढीची काठी— कुरतडलेली. जरीचं कापड बाहेर लोंबतंय.

खिडकीत इशिता. हात केला. तिने नाक वर केलं. रेणूपण आली, तीही हुंगते. दोघींचे हात—

काच बंद आहे पण ओठ कळतात. इशिता रेणूला विचारतेय. हू इज ही.

रेणूने मान हलवली. माहीत नाही.

वास. जुने कपडे हवे होते. फेकले काल. मीच धुतलं. मीच परका—

दार उघडलं. येतायत. वाकून, हात जमिनीला टेकत—

काच खाली केली. सांगतो. मोठ्याने सांगतोय, इथे लिहितोय पण, इशिता, तू वाचणार होतीस ना. मी प्लँटवर नव्हतो. रेणू ऐक. रेणू, देवामागे मी—