तलवार खाली ठेवायची होती

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलावं अशी रीत आहे. तुमच्या तेराव्याला गावाने ती पुरेपूर पाळली. गुरुजी असे होते, गुरुजी तसे होते, जो तो उठून बोलत होता आणि मी आत दात आवळून ऐकत बसले होते. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की परवा आपल्या अंगणातली भिंत पाडली. काकांच्या नातवाने पाडली, त्याला ट्रॅक्टर आत घ्यायला जागा हवी होती. त्याने फोन करून विचारलं, 'आत्या, पाडू का?' मी म्हटलं, पाड बाबा, मला कशाला विचारतोस. तरी गेले बघायला. सकाळी हात लावला आणि जेवायच्या आत भुईसपाट. इतकी तकलादू होती ती, आणि तिच्यापायी आपण सगळे जन्मभर इकडचे इकडे, तिकडचे तिकडे राहिलो.

भिंत का उभी राहिली ते तुम्ही नेहमी तुमच्या सोयीने सांगायचात. आज माझ्या तोंडून ऐका. आई मी पाळण्यात असतानाच गेली. मला काकूने वाढवलं, तिच्या पोरांच्या ताटात माझा घास आधी असायचा. तुम्ही शाळेत, आणि शेत दोघांचं असलं तरी राबायचे काका एकटेच. एका उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला, पाण्याची पाळी दुसऱ्याची होती, आणि काकांनी पाट फोडून पाणी वळवलं. नुसतं आपल्या वावरात नाही, तुमच्याही उसात. चावडीवर पंच बसले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, भाऊ असला म्हणून काय झालं, चोरी ती चोरी. गाव वाहवा करत घरी गेलं. ऊस दोघांचा आणि चोर तेवढे काका एकटे, हा कुठला न्याय हो? त्या उसाचा गूळ वर्षभर आपल्या घरात होता, आणि तुम्ही तो रोज चहात घालून घेतलात. त्याच दिवाळीच्या आधी काकांनी अंगणात भिंत घातली. मी पुढची किती वर्षं काकूच्या हातची भाकरी भिंतीवरून घेऊन खाल्ली. ती फक्त भाकरी आणि कालवणाची वाटी वर सरकवायची आणि म्हणायची, 'गरम हाय गं, फुकून खा.' तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही त्या वेळेला हटकून वर्तमानपत्र उघडायचात.

मग ते नाटक. एकाहत्तरची पूर्वेची लढाई जिंकून झाली होती, रेडिओभोवती बसून बसून गावाची मान ताठ झाली होती, आणि चैत्रातल्या जत्रेला काहीतरी वीरश्रीचं हवं म्हणून पंचांनी तुम्हाला गळ घातली. तुम्ही म्हणालात, बाहेरचा शत्रू झाला, आता आपसातल्या यादवीवर लिहितो. मी चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे आणि तुम्ही दारातल्या पाटावर बसून एकेक प्रवेश वाचून दाखवता आहात. नगरच्या गादीला दोन वारस. एक लहानगा, एक जाणता. दोन सख्खे भाऊ, दोघेही नावाजलेले सरदार. थोरला लहानग्याला घेऊन किल्ल्यात, धाकटा जाणत्याच्या बाजूने बाहेर वेढा घालून बसलेला. किल्ल्याला पाणी येतं ते डोंगराकडून, जमिनीखालच्या खापरी नळातून, आणि तो नळ कुठून जातो ते बाहेरच्यांत एका धाकट्यालाच ठाऊक. त्याचा धनी रोज विचारतो, नळ कुठं आहे? धाकटा सांगत नाही. फितूर म्हणून त्याला बेड्या घालायची वेळ येते, तरी सांगत नाही. आत थोरला हौदावर उभा राहून पाण्याची धार बघतो आणि त्याला उमगतं. तो दरवाजा उघडून एकटा बाहेर येतो, तलवार धाकट्याच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, 'पाणी तू दिलंस. चूक माझी.'

माझ्या हातातली भाकरी करपली. तुम्ही वर बघितलं नाही. खाली मान घालून म्हणालात, थोरला मी करतो, धाकट्याचं काम तुझ्या काकाला विचारून बघ, आवाज चांगला आहे त्याचा. अण्णा, त्या दिवशी तुम्ही मला जगातले सगळ्यात मोठे वाटलात. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढचं किती लागलं ते कळेल.

काका उसाला पाण्याची दारं धरत होते. बांधावर बसून मी त्यांना सगळं नाटक वाचून दाखवलं. फावड्यावर हनुवटी टेकून ते ऐकत होते, एक वाफा भरून पाणी बाहेर गेलं तरी हलले नाहीत. शेवट झाल्यावर त्यांनी आधी वाफ्याचं दार मातीने बुजवलं. मग म्हणाले, 'ह्ये तुझ्या बापानं सोता लिवलं?' मी म्हटलं, हो. यादवी म्हणजे काय ते त्यांनी विचारलं; मी सांगितलं. तेव्हा हसले, म्हणाले, आमच्यात त्याला भाऊबंदकी म्हनत्यात, गुरुजी मानूस, त्याला आवघड शबुद लागतो. आणि जाता जाता निरोप दिला, की तलवार लई जड घेऊ नको म्हनावं, वाकताना कंबर धरंल. काकूने तर त्याच दिवशी सांगून टाकलं, नाटक झालं की दोन्ही घरांचं जेवण तिच्याकडे. पुरणाचं. भिंतीचं काय करायचं तेही तिने ठरवलं होतं. ते दगड गोठ्याला लागणार होते.

तालमी शाळेत व्हायच्या. काका चिखलाच्या पायांनी यायचे आणि तुमच्याशी धनी-सरदारांच्या भाषेतच बोलायचे, कारण दुसरी भाषा इतक्या वर्षांत मोडली होती. 'दादासाहेब, आपला हुकूम' वगैरे. पोरं हसायची, पण तुम्हा दोघांना तेच बरं पडत होतं. फक्त शेवटचा प्रवेश आला की तुम्ही खुर्चीतून उठत नव्हतात. बसल्या जागी वाक्य वाचायचात आणि म्हणायचात, हे प्रत्यक्ष वेळी करू. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी मनातल्या मनात गोठ्याचे दगड मोजत होते.

जत्रेच्या रात्री तमाशाचा फड होता, म्हणून नाटकाला दुपार मिळाली. भर उन्हात यादवी. नगरहून भाड्याने आणलेल्या ड्रेपरीचे अंगरखे घामाने पाठीला चिकटलेले, रंग गळ्यापर्यंत ओघळलेला, आणि तरी माणसं हलली नाहीत. काकांनी बेड्यांचा प्रवेश असा केला, की बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले होते. किल्ल्याचा दरवाजा उघडला, तुम्ही बाहेर आलात. काका समोर उभे. तलवार तुमच्या हातात. पहिल्या रांगेत सरपंच, पाटील, शाळेचे साहेब. तुम्ही थांबलात. मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तेव्हा तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. गाव आजही म्हणतं की गुरुजी उन्हाने वाक्य विसरले. मी तुमचे डोळे पाहिले आहेत, अण्णा. तुम्ही काही विसरला नव्हतात.

आणि मग तुम्ही तलवार म्यान केलीत आणि म्हणालात, 'ऊठ. तू माझा धाकटा आहेस. तुला क्षमा केली.'

ऊठ? कोण उठणार? काका तर उभेच होते. माणसं बघताहेत, नाटक तिथेच लटकलं आहे, आणि काकांना वहीतलं सोडून एक अक्षर जोडता येत नाही. ते तुमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरचा मंदिल काढला, तुमच्या पायाशी ठेवला आणि गुडघे टेकले. तुमचं 'ऊठ' खोटं पडू नये म्हणून ते बसले. भावाची लाज राखायला दुसऱ्यांदा चोर झाले. त्यावर शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी फेटा उडवला. तुम्ही खांद्याला धरून त्यांना उठवलंत, तेही किती ऐटीत!

मागे खोबरेल लावून काका रंग पुसत होते. मी समोर उभी राहून रडायला लागले. ते म्हणाले, 'रडू नको बाय. ज्येचं नाटक, त्येचा शेवट.' आणि मळकं धोतर नेसून गेले. काकूने पाटावर ताटं मांडून ठेवलेली होती. ती काढताना झालेला आवाज मी भिंतीच्या अलीकडून ऐकला. तुम्ही बूट काढत होतात. मी विचारलं, तुम्हाला वाक्य आठवत होतं ना? तुम्ही म्हणालात, समोर एवढे पालक बसलेले, थोरल्याने धाकट्याच्या पायाशी वाकायचं, लोकांत दिसलं असतं कसं? मी म्हटलं, तुम्हीच तर लिहिलंत. त्यावर तुम्ही जे बोललात त्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही म्हणालात, 'लिहिणं वेगळं.'

पुढच्याच पावसाळ्यात दुष्काळ पडला, पाटच कोरडा, कुणी कुणाचं पाणी चोरायचा प्रश्न उरला नाही. तरी भिंत राहिली. त्याच साली अंगणातच माझं लग्न झालं, जेवण साधं. तुम्ही अर्ध्या गावाला बोलावलंत आणि मला वाढवणाऱ्या बाईला अक्षत दिली नाहीत. मंगलाष्टकं चालू होती, आणि शेवटच्या 'सावधान'ला भिंतीपलीकडून मूठभर तांदूळ आले. माझ्या मुंडावळ्यांवर पडले. पलीकडे काकू कशावर तरी चढून उभी असणार. मला नुसता हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. तुम्हालाही दिसला. तुम्ही भटजींकडे बघायला लागलात. त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात काकू गेली. मला कळवलंत ते सगळं उरकल्यावर.

परवा भिंत पडल्यावर काकांना खाटेसकट अंगणात आणलं. त्यांना आता फार दिसत नाही, कालचं आठवत नाही, जुनं तेवढं लख्ख आहे. मी जवळ बसले. ते मोकळ्या जागेकडे तोंड करून पडले होते. मग एकाएकी विचारलं, 'त्या दिशी नाटकात तुझा बाप त्ये म्हनला हुता का गं? शिट्ट्या लई हुत्या. मला काय ऐकू आलं न्हाई.'

शिट्ट्या तर त्यांनी गुडघे टेकल्यानंतरच्या होत्या, अण्णा. इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते, की कुणीतरी विचारावं आणि मी तुमचं पितळ उघडं पाडावं.

मी म्हटलं, 'म्हणाले होते, काका.'

'काय म्हनला?'

'पाणी तू दिलंस. चूक माझी.'

काकांनी मान हलवली. 'म्हनलाच आसंल,' ते म्हणाले. 'थोरला हुता त्यो.' आणि त्यांना झोप लागली.

तुम्हाला जन्मभर जे जमलं नाही ते तुम्हाला असं फुकटात मिळालं, आणि ते मी दिलं, याचा मला अजून संताप होतो आहे. मी ते काकांसाठी केलं, तुमच्यासाठी नाही. हे लिहिलेलं कुठे धाडायचा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी आधी शुद्धलेखन तपासलं असतंत. घडी घालून डब्यात ठेवते. एवढं मात्र कबूल करते, की 'म्हणाले होते' असं सांगताना मला तुमचा आवाज खरोखर ऐकू आला, आणि बरं वाटलं.