राग पिळायचा असतो

३ नोव्हेंबर, सोमवार
सगळं बदललं ते आज दुपारी. विजय नगरच्या त्या बालशाळेत पलक मिस खुर्ची सोडून फरशीवर बसली, तेव्हा. गार्गीने वर्गातल्या एका पोराच्या दंडाला कचकचून चावा घेतला होता. वहिनी ऑफिसात मीटिंगमध्ये, दादा दौऱ्यावर, म्हणून फोन मला. घरात रिकामा काका एकच. ठरवून गेलो होतो की उचलायचं, एक ठेवून द्यायची, घरी आणायचं. साडेचार वर्षांची पोर आणि कुत्र्यासारखी चावते म्हणजे काय!
मिस विचारत होती, "ग़ुस्सा कहाँ है, बेटा? पेट में? हाथ में?"
गार्गी हुंदके देत म्हणाली, "दातात."
मिसने गंभीरपणे मान हलवली, डॉक्टरने हलवावी तशी. मग वर बघून मला, "आप पापा?"
"नाही. मतलब, चाचा."
हसली. खल्लास.

४ नोव्हें.
वहिनीला सांगितलं, उद्यापासून गार्गीला सोडायला-आणायला मी जात जाईन. व्हॅनवाला बंद करून टाका.
वहिनी : "कॉलेजसाठी कधी वेळेवर उठला नाहीत भाऊजी तुम्ही. आता एकदम समाजसेवा?"
कॉलेजचा विषय निघाला की दादा पण सुरू होतो. सरांच्या टेबलावर मी फाइल आपटली, माफी मागायला सांगितली, नाही मागितली, तिसऱ्या वर्षातून बाहेर. त्याचं एकच पालुपद : "राग गिळता आला असता तर आज इंजिनियर असतास." गार्गीला पण तेच. ती रडायला लागली की दादा बोट दाखवतो, "गिळ. गिळ राग." पोर खरंच गिळते. घशाशी हलताना दिसतं.

७ नोव्हें.
आज काय झालं! गार्गीचं क्ले कुणी तरी हिसकावलं. तिची मूठ वळली. पलक मिस लांबूनच म्हणाली, "गार्गी, ग़ुस्सा थूक दो." हिंदीत सगळेच म्हणतात, सोडून दे म्हणून. आमची घरी मराठीत वाढलेली. आज्ञाधारक. थुंकली. त्या पोराच्या डब्यात, पोह्यांवर, शेवेसकट.
बड्या मॅडमनी (शाळेच्या मालकीण) मला केबिनमध्ये उभं केलं. चावणं एक, थुंकणं दोन. "अब एक बार भी हुआ तो नाम काट देंगे." वहिनीचं ऑफिस समोरच्या चौकात, म्हणून ही शाळा. ही गेली तर वहिनीची नोकरी पण लटकते. तिने आधीच दोन शाळा बदलल्यात गार्गीपायी. दोन्हीकडे हेच, चावते.
बाहेर पलक मिसला सांगितलं, आमच्याकडे राग गिळतात, तुमच्याकडे थुंकतात. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग एकदम थांबली. "तो बच्ची करे क्या?"
मला काय माहीत. मला तर गिळता पण येत नाही नी थुंकता पण.
पण म्हणालो, "मैं सोचता हूँ कुछ."

१० नोव्हें.
सुचलं. अंघोळीनंतर पंचा पिळताना सुचलं. गिळ नाही, पिळ!
गार्गीला ओला नॅपकिन दिला. "राग दातात आला की सांग, आला. मग त्याला या नॅपकिनमध्ये घाल आणि पिळ. पाणी गळेपर्यंत."
"राग पाण्यात जातो?"
"जातो."
"मग कुठे?"
"मोरीत. बडा गणपतीच्या देवळाजवळच्या मोठ्या नालीत. पुढचं नगरपालिकेला विचार."
संध्याकाळभर पिळत होती. उगाच मला म्हणायची, "काका, मला राग आण ना." मी तिच्या वेण्या ओढायचो, ती पिळायची. वहिनी बघत राहिली. रात्री मला तूप जास्त वाढलं.

१४ नोव्हें.
पलक मिसने पूर्ण वर्गाला शिकवलं. वीस पोरं, वीस नॅपकिन, "पिळ पिळ पिळ!" मराठी शब्द, सगळी शर्मा-वर्मा-जैन मंडळी ओरडतायत. मी दारात उभा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आपका आइडिया है, आप ही करवाओ." आत गेलो. ती नि मी, एक नॅपकिन, दोन टोकं. तिने एका बाजूने पिळलं, मी दुसऱ्या.
पुढचं लिहिता येत नाही.

२१ नोव्हें.
गार्गीला कुणी ढकललं. तिने मिसला सांगितलं, "आया. दाँत में." नॅपकिन काढला, पिळला, परत खेळायला. मॅडम पण बघत होत्या. मी कळवलं तेव्हा वहिनी फोनवर रडली.
मी पलकशी रोज बोलतो. गार्गी झोपाळ्यावर, आम्ही पायरीवर. ती मला "राग" आणि "रुसवा" यातला फरक विचारते. वर्गात भिंतीवर तोंडं काढलीत तिने. चिडलेलं, घाबरलेलं, दुःखी. म्हणते, पोरांना सगळंच ग़ुस्सा वाटतं, नाव बरोबर मिळालं की अर्धं काम होतं. मी मान हलवतो. मला तिच्या हातावरचा खडू दिसत असतो.

२८ नोव्हें., शुक्रवार
पलक म्हणाली, "गार्गी तो अब एकदम सेट है. आपको रोज़ रुकने की क्या ज़रूरत? व्हॅन लगा लो वापस."
मी म्हणालो, "मैं गार्गी के लिए नहीं रुकता."
"तो?"
सांगितलं. सगळं. पायरीवरच. गार्गी झोक्यावर ओरडत होती, "काका, बघ!"
ती लाल वगैरे झाली नाही. घड्याळ बघितलं. म्हणाली, तिचं लग्न ठरलंय, मुलगा महूचा आहे, फ़ौज में. आणि ठरलं नसतं तरी नाही. हे पण सांगितलं, स्वच्छ. मी काही तरी बोललो. मोठ्याने बोललो असेन, कारण वॉचमन वळला. तेव्हा ती उठली, कुर्ता झटकला आणि पोरांशी बोलते त्याच आवाजात म्हणाली,
"अरे, ग़ुस्सा थूक दो, भैया."
भैया. या गावात सगळेच एकमेकांना भिया म्हणतात. पोहेवाला, रिक्षावाला, सगळे. पण तिने भैया म्हटलं. राखीचं.

३० नोव्हें., रविवार
दोन दिवस खोलीतच पडून आहे. गार्गीने येऊन माझ्या हातात ओला नॅपकिन ठेवला. फेकून दिला. भिंतीवर फटकन बसला.

१ डिसें., सोमवार
मुद्दाम केलं. इथे तरी सरळ लिहू.
सकाळी गार्गीच्या बॅगेतून नॅपकिन काढून घेतला. गाडीवर पुढे उभी होती, तिच्या कानात म्हणालो, "आज राग आला ना, तर पिळू नको. मिस काय म्हणाल्या होत्या आठव. थूक. मिसलाच दाखव किती छान थुंकतेस."
"मॅडम ओरडतील."
"नाही ओरडणार. काकाने सांगितलंय ना?"
"प्रॉमिस?"
"प्रॉमिस."
दुपारी फोन. आज नवीन पालक शाळा बघायला आले होते. कुणी तरी गार्गीची खुर्ची ओढली. बॅगेत नॅपकिन नाही. मिस जवळ घ्यायला वाकली, आणि गार्गी तिच्या तोंडावर थुंकली. डोळ्यात गेलं.
ऐकून छातीत थंड वाटलं. चांगलं थंड.

१ डिसें., संध्याकाळ
वहिनी : "का केलंस? का?"
गार्गी : "काकाने सांगितलं."
सगळे माझ्याकडे. माझ्या हातात वरणभाताची थाळी. म्हणालो, "मी कशाला सांगेन?"
"तू सांगितलं! गाडीवर! प्रॉमिस केलं!"
"वहिनी, हल्ली खोटं पण बोलायला लागली वाटतं."
वहिनीने तिला मारलं. आजवर कधी मारलं नव्हतं. दादा म्हणाला, "गिळ. आवाज नको." गार्गी माझ्याकडे बघत होती. गिळलं तिने.
मी भात संपवला. पापड पण घेतला.

३ डिसें.
शाळेने अजून नाव कापलं नाही. शुक्रवारी आईबापांना बोलावलंय. पलकचा फोन. आधी वाटलं
जाऊ दे काय वाटलं.
म्हणाली, "सच बताइए. आपने कुछ कहा था उसको? बच्ची अपने मन से नहीं करती ये. आप मैडम के सामने बोल दो तो मैं उसे रखवा लूँगी."
"तुमच्या डोळ्याला काय झालं?" मी विचारलं, मराठीतच.
"मेरी आँख छोड़िए. गार्गी का बोलिए."
सांगितलं तर ती मला काय समजेल? आणि नाही सांगितलं तर काही समजणारच नाही. फोन ठेवला तिने.

५ डिसें., शुक्रवार
हे मोबाईलमध्ये लिहितोय, बसस्टॉपवर. इथून शाळेकडे, विजय नगरला जाणारी बस मिळते, उलट्या दिशेची महूची पण. अजून एकही पकडली नाही.
सकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पण चला. तुमचं ऐकतील ते. चांगली मुलगी आहे एवढं तरी सांगा." हात जोडल्यासारखे केले तिने. मला, ज्याला या घरात कुणी साधं विचारत नाही. म्हणालो, बघतो. ती नि दादा आवरायला गेले.
गार्गी माझ्या खोलीत आली. युनिफॉर्म, दोन वेण्या, बूट उलटे. वाटलं आता चावेल. चावली असती तर बरं झालं असतं. समोर उभी राहिली.
"काका, मला राग नाही आला."
"बरं."
"मला वाईट वाटतंय."
फरक बरोबर केला पोरीने. मी म्हटलं, "जा इथून."
नाही गेली.
"तू सांगशील मॅडमना?"
"जा म्हटलं ना! निघ!"
दचकली, पण जागची हलली नाही. रडली पण नाही. उत्तराची वाट बघत राहिली. आतून वहिनी विचारत होती, भाऊजी, येताय ना? गाडीची चावी दादाकडे होती. मी चपला घातल्या, गार्गीला हाताने बाजूला केलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.