पर्स तपकिरीच राहील

आधी थोरली लेक आली, चामडं साफ करायची बाटली घेऊन. मागोमाग नात आली, झग्याचं कापड घेऊन. खुर्च्या दोनच, म्हणून मी पलंगावर. मग त्या दोघींचं जे झालं, ते ऐकून हे मृत्युपत्र आजच लिहायला घेतलं.

मी, खाली सही करणारी, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वखुशीने लिहिते. शाळा चौथीपर्यंतच, अक्षर सांभाळून घ्यावं.

राहती खोली मुलाला. खिडकीची कडी त्याने आधी बसवावी, कित्येक वर्षं 'उद्या बघतो' चाललंय. शिलाई मशीन सुनेला. तिने कधी मागितलं नाही, म्हणूनच. शिडी खालच्या मजल्यावरच्या बाईकडे अडकली आहे. ती आता तिचीच समजावी, फक्त माझ्या माघारी तिने येऊन गळा काढू नये.

आता पर्स. टिचकीने बंद होते ती. नातीला लग्नाच्या नोंदणीला हीच न्यायची आहे, आणि सगळा पोशाख तिने पर्सवरून बेतलाय. तपकिरी ठिपक्यांचा झगा, कमरेत घट्ट, खाली घेर, गोल कॉलर, आमच्या वेळी असायचा तसा. पट्ट्याचे बूट. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. एवढंच म्हटलं, "टोपी नको गं, लोक तुला नाटकातली समजतील."

"आजी, टोपी घेऊन झाली."

तेवढ्यात थोरलीने पर्सची झडप उलटून दाखवली. आतून हिरवी. "आई, ही मुळात हिरवी आहे. वरचं सगळं बाबांचं पॉलिश. मी दोन हात मारते, नव्यासारखी होईल."

नातीचं तोंड उतरलं. "आणि माझे ठिपके?"

तर सांगते. ह्यांचं बूट-चपलांचं दुकान होतं, आणि ह्यांना हिरवं-तपकिरी एकच दिसायचं. गिऱ्हाइकांचे बूट बहुतेक काळे, म्हणून निभावलं. बाहेर निघायचं म्हटलं की हे पर्स मांडीवर घ्यायचे, तपकिरी डबी उघडायचे आणि शीळ घालत चोळत बसायचे. मी कधी टोकलं नाही. शीळ थांबली असती.

थोरली मनाने वाईट नाही, पण तिचा हात घासायला लागला की थांबत नाही. माझ्या पितळी डब्यावरचं नाव तिनेच घालवलं. सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन. किरकोळ आहे म्हणतात डॉक्टर, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या माघारी ती बाटली उघडेल, याचीच धास्ती.

म्हणून पर्स नातीला. अट एकच, वरचं पॉलिश कोणी काढू नये. काढायला बाटली उघडली गेल्यास पर्स सुनेकडे जाईल. तिला पर्सची हौसच नाही, ती हात लावणार नाही. थोरलीला ह्यांची पॉलिशची डबी आणि ब्रश. घासायचंच असेल तर त्याने घासावं.

साक्षीदार: समोरची नर्सबाई; वरचे घड्याळवाले (चष्मा विसरले, मी वाचून दाखवलं).
सही: आजी
ठिकाण: माझा पलंग. वार: शुक्रवार.

पर्स उशाखाली आहे. दोघी रविवारी परत येतो म्हणाल्यात. नात झगा घालूनच येणार आहे.