ओल्या फडक्याचा आळ

६ मार्च

चि. खटपट्यास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. फोनवर बोललं की तुझ्या काकांच्या कानावर जातं, म्हणून हे कागदावर. आपल्या टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तू नवी सिस्टीम घालून गेलास, त्याच दिवशी जुना प्रिंटर मुका झाला. काकांनी ओल्या फडक्याने पुसला, आत पाणी गेलं, असं तूच सांगितलंस. मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना नको नको ते बोलले. तेव्हापासून ते दुकानात कशालाच हात लावत नाहीत. साधा स्टेपलर हवा असला तरी मला द्यायला सांगतात.

काल प्रिंटर भंगारात द्यायच्या आधी सहज चालू केला. त्याचं बटण दाबून धरलं, तर चाचणीचं पान बाहेर आलं, अगदी स्वच्छ. कॉम्प्युटरवरून मात्र हूं की चूं नाही. तू एवढा शिकलेला, तर मला सांग, पाणी गेलं कुठे?

लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझी मावशी


११ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

पाणी कुठेच गेलं नव्हतं. हे लिहिताना मान वर होत नाही. कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला कळवणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. तुझ्या प्रिंटरचा जुना ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर चढेना, आणि नवा कंपनीने काढलेलाच नाही. दोन तास झटलो. तिकडे तू गिऱ्हाइकांना सांगत होतीस, माझा भाचा असली कामं चुटकीसरशी करतो. मला जमत नाही म्हणायची लाज वाटली. तेवढ्यात ते फडकं दिसलं. काका म्हणालेसुद्धा, की मी घट्ट पिळून घेतलं होतं रे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता एका मित्राला विचारलं. जुनाच ड्रायव्हर चालतो, फक्त तो घालताना केबल काढून ठेवायची आणि अगदी शेवटी जोडायची. मी ती आधीच जोडून बसलो होतो. रविवारी येऊन करून देतो. काकांपुढे उभा कसा राहू, ते मात्र कळत नाही.

खुशाल रागाव, पण परका करू नकोस.

तुझा, नावाचाच खटपट्या


१५ मार्च

चि. खटपट्यास, अनेक आशीर्वाद.

रागावले होते. चार कागद फाडले, हा पाचवा.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोराने कबूल केलं, पुष्कळ झालं, रविवारी जेवायलाच थांबव. तू सुटलास.

माझं तसं नाही. तू एकदाच खोटं बोललास, मी ते महिनाभर चारचौघांत उगाळलं. पत्र संपलं तेव्हा ठरवलं होतं, आता आपणही म्हणायचं, माझं चुकलं. आणि तोंडातून काय निघालं, तर बघा, कसला निघाला हा भाचा! सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडून मी मोकळी. तू काकांशी वागलास तशीच मी तुझ्याशी वागले, तेही त्यांच्यासमोर. ते माझ्याकडे बघत राहिले. अजून काहीतरी ऐकायचं असल्यासारखे.

रविवारी ये, पण जरा उशिरा ये. त्याआधी मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी मावशी